मुलुंडचे विरोधी पक्षनेते

कॅनडाच्या राजकारणाची काळजी वाहणारा अख्ख्या मुलुंडमध्ये एकच माणूस होता आणि माझ्या दुर्दैवाने ते माझे सख्खे मामा होते. कॉलेजसाठी मी त्यांच्याकडेच राहत होतो. त्यांचा धाकटा भाऊ टोरांटोहून बोटीने पार्सल पाठवी. मुलुंडच्या उकाड्यात कोणी घालणार नाही असे स्वेटर, चॉकलेटचे डबे आणि मधल्या फटींत कोंबलेली तिकडची वर्तमानपत्रं. डबे मामी ताब्यात घेई. वर्तमानपत्रांना इस्त्री करून मामा वाचत बसत. बातम्या चार महिन्यांच्या शिळ्या, पण मामांच्या लेखी त्या आजच्याच.

"सत्तेवर कोणीही बसेल रे, विरोधात बसायला छाती लागते," असं ते म्हणत. म्हणून सोसायटीचे विरोधी पक्षनेते त्यांनी स्वतःच व्हायचं ठरवलं. सभेला ते घरून घडीची खुर्ची नेत आणि चेअरमनच्या बरोब्बर समोर मांडत. टाकीला पांढरा रंग म्हटलं की मामांचा विरोध. कंटाळून चेअरमन "बरं, निळा" म्हणाले, की त्या कंटाळ्याला विरोध. लोक माझ्याकडे बघून हसत आणि मी फरशीकडे बघत बसे.

त्र्याऐंशी साली एका पार्सलमधून बातमी आली, की तिकडच्या विरोधी पक्षनेत्याने आपल्याच माणसांना विचारलं, मी राहू का? दोन-तृतीयांश लोक हो म्हणाले, तर गृहस्थ म्हणाला, एवढे पुरेसे नाहीत, माझ्या खुर्चीसाठी रीतसर निवडणूक घ्या! मामा भारावून गेले. पुढच्याच सभेत उठून त्यांनी स्वतःवर मतदान मागितलं. चहा निवत होता, त्यामुळे दर तिघांतल्या दोघांनी मुकाट हात वर केले.

"पुरेसे नाहीत!" मामा गरजले. "निवडणूक घ्या!"

"बसा ना, मामा," चेअरमन कळवळले. "कोणाला पायजे तुमची खुर्ची?"

दुसऱ्या मजल्यावरच्या नव्या बिऱ्हाडकरूला हवी होती. त्याने आजवर एकाही सभेत पाऊल टाकलं नव्हतं. गंमत म्हणून तो उभा राहिला आणि टाळ्यांच्या गजरात निवडून आला. मामा खुर्चीची घडी करून जिना चढू लागले. त्यांच्यामागून चढताना माझे कान लाजेने तापले होते.

त्यानंतर मामा मागच्या गेटने ये-जा करू लागले. मामी वैतागली, "अहो, चोरी केलीत का कुठे?"

"चोराला लोक ओळखत तरी नसतात," मामा म्हणाले. "मला ओळखून नको म्हणाले."

दिवाळीच्या सुमारास पुढचं पार्सल आलं. तिकडचा तो नेताही हरला होता, तेही कधी पार्लमेंटात न बसलेल्या माणसाकडून. मला वाटलं, आता मामांना धीर येईल. त्यांनी पेपरावरून हात फिरवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "बिचारा. त्याचं एक असो. पण त्याच्या भाच्याला चारचौघांत किती लाज वाटली असेल, नाही?"



पुढच्या सभेला खुर्ची मीच खाली नेली आणि चेअरमनसमोर मांडली. मामा येऊन बसले. टाकीच्या रंगाचा विषय पुन्हा निघाला, तसं सवयीने सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. मामांनी एकवार माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "माझी हरकत नाही."

मामांनी उठून भांडावं असं त्या दिवशी मला पहिल्यांदाच वाटलं.