आप्पांचा चष्मा आणि नाचरी गाडी

चहाचा कप आधी खाली ठेवा. ही गोष्ट ऐकताना माझ्या साडूच्या नाकातून चहा आला होता, आणि तो शर्ट त्याने माझ्याकडूनच धुऊन घेतला. गाढवपणा मी आयुष्यात पुष्कळ केला. पण इतका शिस्तीत, टप्प्याटप्प्याने केलेला गाढवपणा हा एकच.

नव्वदीतली गोष्ट. सुरतेत पांडेसऱ्याला माझं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे काय, वर चार पत्रे, खाली एक खड्डा, आणि मध्ये मी. अमळनेरकडून आलेला भिकन, सुरतेत आल्यावर भिकनभाई. टेम्पो, रिक्षा, मिलवाल्यांच्या जीपा, जे येईल ते घ्यायचं. आणि तोंडाने मी असला उस्ताद, की गाडी दारात उभी राहायच्या आत नुसत्या आवाजावरून रोग सांगायचो. बरोबर निघायचा का? अहो, निम्म्या वेळा तरी निघायचा!

माझे सासरे, आप्पा, डिंडोलीत राहायचे. कांतिशेठ म्हणून रंगाईच्या मिलचे मालक होते, त्यांची गाडी वीस वर्षं आप्पांच्या हातात. बोलणं एकदम कमी. दिवसाला दहा शब्द, त्यातले चार गाडीशी. पण जावयाचा मान कसा ठेवावा हे त्यांच्याकडून शिकावं. मी वयाने त्यांच्या मुलासारखा, तरी ‘जावईबापू’शिवाय हाक नाही. मी घरात शिरलो की खाट सोडून उठायचे. एकदा मी सहज म्हणालो, आज सोमवार ना? होता मंगळवार. आप्पा म्हणाले, “व्हई.” असेल म्हणे! हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर एक दिवस कांतिशेठनी ती गाडी आणली. काय सांगू तुम्हाला! लाल भडक, दोन दरवाजांची, परदेशातून आलेली, शर्यतीची असते तसली. इतकी बुटकी की आत बसायचं म्हणजे पंगतीला पाटावर बसायचं. मिलमधले सगळे कामगार बघायला जमले, पण हात लावायची कुणाला परवानगी नाही, कारण निम्म्यांचे हात निळे आणि निम्म्यांचे हिरवे. आप्पा मात्र किल्ली घेऊन असे उभे होते, जणू देवळाची किल्ली मिळाली आहे.

आणि शेठनी आप्पांना एक शब्द दिला होता. शेठचा मुलगा हितेश, ज्याला आप्पांनी बालवाडीपासून शाळेत सोडलं, त्याचं लग्न महिन्यावर आलं होतं. नवरदेवाला लाल गाडीतून मांडवात आप्पाच नेणार. माणसाने त्यासाठी सफारी शिवून घेतला हो! आयुष्यातला पहिला.

आता त्या गाडीचा पहिला त्रास असा, की पांडेसऱ्याचा रस्ता आणि तिचं पोट यांची रोज गाठ पडायची. कापडाच्या ट्रकांनी रस्त्याची पार चाळण केलेली. शेठ माझ्याकडे आले. मी म्हटलं, एवढंच ना? मिलच्या भंगारातला एक जाड रबरी रोलर आणला, त्याच्या चार रिंगा कापल्या आणि चारही स्प्रिंगांवर एकेक बसवली. गाडी दोन बोटं वर! चाकं सरळ आहेत का तेही मशीनवर बघून घेतलं. शेठ इतके खूश, की मला पोटभर लोचो, सुरतेचा तो डाळीचा गरम नाश्ता, खाऊ घातला.

आठ दिवसांनी शेठ परत.

“भिकनभाई, आ गाडी छे के बकरी?”

झालं होतं काय, की खड्डा आला की गाडी स्वतःच्या मनाने वळायची. डाव्या खड्ड्याला डावीकडे उडी, उजव्याला उजवीकडे. स्टेअरिंग सरळ धरलेलं असतानासुद्धा!

मला तर स्फुरण चढलं. असला रोग सुरतेत कुणी पाहिला नसेल! मी टायरची हवा पाहिली, बरोबर. चाकं परत मशीनवर चढवली, सरळ. शॉकअप काढून दाबून पाहिले, ठणठणीत. स्टेअरिंगचे सांधे हलवून पाहिले, घट्ट. दोन दिवस खड्ड्यात पडून होतो, जेवणसुद्धा तिथेच. गाडीत दोषच सापडेना.

मग मी डोकं चालवलं. तिथेच घात झाला.

शेठना विचारलं, गाडी नेमकी कुठे नाचते? म्हणाले, पांडेसऱ्यात रोज नाचते. आणि कुठे नाचत नाही? म्हणाले, रविवारी मी घरूनच कामरेजच्या हायवेला नेतो, तिथे लोण्यासारखी पळते. मी विचारलं, हायवेवर कोण चालवतं? शेठ म्हणाले, मी स्वतः. आणि पांडेसऱ्यात? आप्पा.

बघा हं आता. एका बाजूला हायवे, दुसऱ्या बाजूला चाळण झालेला रस्ता. शेंबड्या पोरालाही कळेल की फरक रस्त्याचा आहे. पण मी उस्ताद! मी म्हटलं, फरक ड्रायव्हरचा आहे. गाडी तीच, हात दुसरे. आप्पांचं वय झालं, नजर कमी झाली असणार, खड्डा उशिरा दिसतो आणि हात दचकतो. शेठसमोर, मिलच्या दारात, खुद्द आप्पांच्या देखत मी हे निदान सांगितलं. वर म्हणालो, माझे सासरे आहेत, पण खरं ते खरं.

आप्पांनी गाडीची किल्ली रुमालाने पुसली. मग म्हणाले, “जावईबापू म्हनतस म्हनजे व्हई.”

मला वाटलं, कबूल केलं!

पुढचं सगळं मग घसरगुंडीसारखं होत गेलं. मी सल्ला दिला, डोळे तपासून घ्या. आप्पा निमूटपणे जाऊन चष्मा घेऊन आले, जाड काळ्या फ्रेमचा. चष्मा लावूनही गाडी नाचतच होती. मी म्हटलं, मग हातच गेले. शेठनी जड मनाने आप्पांना लाल गाडीवरून उतरवलं आणि मिलच्या टेम्पोवर बसवलं, लाल गाडी लग्नापर्यंत घरी झाकून ठेवली. घरी मंगलाने, म्हणजे माझ्या बायकोने, माझ्याशी बोलणं टाकलं. कळण्याची भाकरी ताटात वाढायची नाही, टाकायची. मी तिला समजावलं की धंद्यात नातं बघायचं नसतं. त्या दिवशी भाकरीबरोबर भाजीही आली नाही.

आणि मग शेठ म्हणाले, “तो लगनमां गाडी तमे चलावो, भिकनभाई.”

मी! नवरदेवाची गाडी! खोटं कशाला बोलू, मला आनंदच झाला. आप्पांसाठी वाईटही वाटलं, पण आनंद जास्त झाला. केसांना तेल लावलं, गॉगल घेतला.

लग्न कामरेजच्या पुढे, मुलीकडच्यांच्या वाडीत. शेठच्या घरून निघालो, मी पुढे लाल गाडीत, शेजारी हितेश, डोक्यावर हा एवढा साफा. वऱ्हाडाच्या बसेस आधीच गेलेल्या. मागे टेम्पोत आप्पा, मिठाईच्या टोपल्या घेऊन. नवा सफारी घातला होता त्यांनी. टेम्पो चालवायला! ते मी आरशात पाहिलं आणि आरसा जरा वर फिरवला, तेवढ्यात हायवे लागला आणि मी पाय दाबला.

अहाहा! गाडी वाऱ्यावर! हितेशला म्हटलं, बघ, हातात दम पाहिजे. आहे का कुठे नाच? तोही खूश.

कामरेज सोडलं आणि वाडीकडे जाणारा कालव्याचा रस्ता आला. उसाच्या बैलगाड्यांनी त्याला दोन्ही बाजूंनी खोल चाकोऱ्या पाडलेल्या. पहिला खड्डा आला आणि गाडीने डावीकडे उडी मारली. मी उजवीकडे ओढलं. दुसरा आला, ती उजवीकडे. मी डावीकडे ओढलं. तिसऱ्याला आम्ही दोघांनी एकदम एकाच बाजूला ओढलं, मी आणि गाडीने, आणि आम्ही थेट उसात!

सगळीकडे हिरवंगार. इंजिन बंद. साफा घसरून हितेशच्या हनुवटीपर्यंत आलेला, त्यामुळे त्याला काहीच दिसत नव्हतं. त्याने आतून शांतपणे विचारलं, “आवी गया?”

अरे बाबा, कुठे पोचलो! मुहूर्ताला तासही उरला नव्हता आणि नवरदेव उसात. मी बाहेर उतरलो, गाडीखाली वाकून पाहिलं, आणि तसाच वाकून राहिलो.

गॅरेजच्या खड्ड्यात पडून मी दोन दिवस हेच बघत होतो, पण दिसलं आता. माझ्या रिंगांनी गाडी दोन बोटं वर उचलली होती. पण चाकांना वळवणारे दांडे एका टोकाला गाडीला आणि दुसऱ्या टोकाला चाकाला बांधलेले, ते बिचारे तिरके झाले होते. चाक खड्ड्यात खालीवर झालं की तिरका दांडा त्याला ओढायचा आणि चाक आपोआप वळायचं. मशीनवर गाडी उभी, म्हणून सगळं सरळ. हायवेवर खड्डे नाहीत, म्हणून लोण्यासारखी. आणि हाच उद्योग करून मी लोचो खाल्ला होता.

शेजारी कुणीतरी येऊन वाकलं. आप्पा होते.

“जावईबापू,” ते हळूच म्हणाले, “लगीन व्हयनं की त्या रिंगा काढी टाकूत का? तुम्ही म्हनशात तर.”

मी तिथेच उकिडवा बसलो. “आप्पा, तुमले माहीत व्हतं?”

“पयलाच दिनले.”

“मंग सांगं का नही?”

आप्पांना हा प्रश्नच विचित्र वाटला. “जावईले कोन सांगई,” ते म्हणाले, “तुमनं चुकनं म्हनीसन?”

खरं सांगतो, त्या क्षणी ऊस दुभंगावा आणि मला पोटात घ्यावं असं वाटलं. या माणसाने इतके दिवस ती नाचणारी गाडी पांडेसऱ्यातून नेली आणि एकदाही कुठे आपटली नाही. मी एक दिवस चालवली तर शेतात.

ऊस तोडणारे चार जण आले, टेम्पोला दोर बांधला, गाडी बाहेर काढली. मी किल्ली आप्पांपुढे धरली आणि मान खाली घातली. त्यांनी सफारीवरची धूळ झटकली, हितेशचा साफा नीट बसवला, डोळ्यांवरचा चष्मा काढून माझ्या हातात दिला. म्हणाले, “हाऊ जरा धरा. गाडी चालावताना आडे येस.”

मी मिठाईचा टेम्पो घेऊन मागे निघालो. पुढे लाल गाडी. प्रत्येक खड्ड्याला ती नाचत होती, पण आप्पा तिच्याशी भांडत नव्हते. खड्ड्याआधी वेग कमी, हात मऊ, तिला जरा हलू द्यायची आणि परत सरळ घ्यायची. मुहूर्ताच्या आत नवरदेव मांडवात! शेठनी आप्पांना मिठी मारली, आणि मी शेठना सगळं खरं सांगून टाकलं. शेठ मला जे बोलले ते अस्सल सुरती होतं, ते इथे बायाबापड्यांसमोर सांगता येत नाही.

आप्पांनी तो चष्मा परत घेतलाच नाही. वाटेत टेम्पोत मी तो सहज लावून पाहिला होता. सगळं आहे तसंच दिसलं. ना मोठं, ना लहान. काचा साध्या!

दुसऱ्या दिवशी मी डिंडोलीच्या चष्मेवाल्याकडे गेलो आणि म्हटलं, काय हो, म्हाताऱ्या माणसाला फसवता?

तो म्हणाला, “मी कशाला फसवू? त्यांची नजर घारीसारखी आहे. मी चष्मा नको म्हणत होतो. तेच म्हणाले, बनवून तर ठेवा, आमच्या घरात एकाला लागणार आहे.”