टायर आणि दाजींची भाकर
क्रांती चौकातल्या टायरवाल्यानं बजावलं होतं, "गाडीच्या दारावर लिहिलंय तोच साइज घ्या." मी रुबाबासाठी मोठी टायरं बसवली. मागं दाजी, म्हणजे बहिणीचे मालक, बसले की खड्ड्यात टायर वर मडगार्डला घासायचं. कारण मला ठाऊक होतं. तरी मी म्हणायचो, "दाजी, भाकरी कमी करा." दाजींची थट्टा आमच्यात चालते. मग बहिणीचा फोन आला. दाजींनी रात्रीचं जेवणच सोडलं होतं. लासूर स्टेशनला त्यांच्या घरी जाऊन मी टायरचं खरं सांगून टाकलं.

"मग तुमी मागं बसा," म्हणत दाजींनी गाडी घेतली. पहिल्याच खड्ड्यात माझ्यासारख्या काडीच्या वजनानंही टायर घासलं. घरी येऊन दाजी बहिणीला म्हणाले, "दोन भाकरी टाक."