मधल्या फळीतली एक जागा

नम्रता निखाडे पहिल्यांदा आमच्या सामन्याला आली तेव्हा आम्ही मैदानाच्या पायरीवरच्या पाचसहा जणांनी तिला एकच प्रश्न विचारला, कोणाची बहीण? मुळा-मुठा इलेव्हनचा फुटबॉल सामना बघायला दुसऱ्या कुठल्या कारणानं कोणी मुलगी येईल असं आम्हांला वाटत नव्हतं. ती म्हणाली, "कोणाचीच नाही. कामठीची आहे," आणि रुमाल पसरून बसली.

हे २००९ सालचं. नागपूरजवळच्या कामठीत पोरं गल्लोगल्ली फुटबॉल खेळतात, हे मला तिच्याकडूनच कळलं. तिचे वडील हिंमतराव तिथल्या क्लबकडून चौदा वर्षं मधल्या फळीत खेळले होते. तिला सायकलच्या दांडीवर बसवून ते मैदानावर न्यायचे आणि परतताना कोणता खेळाडू कुठे चुकला ते विचारायचे. आता ती खराडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर होती. दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि त्यांना राग येणार नाही अशा भाषेत कळवायच्या, असं ती कामाबद्दल सांगायची. शनिवारी सुट्टी.

त्या वर्षी आमच्या मधल्या फळीत एकच जागा रिकामी होती आणि दावेदार दोन. रविराज खराडीचा, आमच्या पायरीवरच्या दत्तोबांचा पुतण्या. दोघांना चकवायचा आणि तिसऱ्याच्या पायात बॉल घालवायचा, पण ते दोघांना चकवणं इतकं देखणं असे की आम्ही तिसरा विसरून जायचो. दुसरा जयसिंग. मार्केट यार्डात सकाळी टेम्पोतून पोती उतरवून सरावाला यायचा. समोरच्याचा पास अडवायचा, शेजारच्याला साधा पास द्यायचा आणि पुन्हा आपल्या जागेवर. त्याला टाळी द्यावी असं काही घडायचंच नाही.

"जयसिंगला काऊन बसवून ठेवलंय?" नम्रतानं तिसऱ्याच शनिवारी विचारलं.

दत्तोबा पुढच्या पायरीवर होते. मान न वळवता म्हणाले, "आमचा रवी हाय म्हून लोक येत्यात बघाया."

"लोक येतात काका, पण आपल्यावर गोलही होतात. तीन सामन्यांत पाच. पाचही वेळा रविराज पुढे गेला होता आणि त्याच्या मागची जागा मोकळी होती."

"गोल झाला तर गोलकीपरला इचारा."

मी म्हणालो, "मॅडम, हे तुमच्या कंपनीतलं सॉफ्टवेअर नाही." सगळे हसले.

नंतरच्या शनिवारी ती रेघी वही घेऊन आली. कोणी किती वेळा बॉल घालवला, किती वेळा परत मिळवला, सगळं लिहायची. सहा सामन्यांनंतर तिनं आम्हांला हिशोब दाखवला. रविराज एका सामन्यात सरासरी सतरा वेळा बॉल घालवत होता. जयसिंग शेवटची वीस मिनिटं यायचा, त्यात दोनदा.

तिच्या ऑफिसातला दिग्विजय तिच्याबरोबर यायचा. टीव्हीवर इंग्लंडची लीग बघून त्याची मतं तयार झालेली. तो म्हणाला, "डेटा ठीक आहे, पण सॅम्पल बघ ना. वीस मिनिटांत कोणीही फ्रेशच असतो."

"मग पूर्ण सामना द्या त्याला. सॅम्पल वाढेल."

"पण एवढ्या कमी डेटावर कसा देणार?"

नम्रतानं वही मिटली. "खेळवत नाहीत म्हणून आकडे नाहीत, आणि आकडे नाहीत म्हणून खेळवत नाहीत. तुम्हांला ऐकू येतंय का तुम्ही काय बोलताय ते?"

शेवटी ती थेट कोचकडे गेली. रंगराव सर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले पीटीचे शिक्षक. त्यांनी उभ्याउभ्या वही वाचली, तीन पानं फाडून खिशात ठेवली आणि म्हणाले, "बघतो." पुढचे चार शनिवार ते "बघतो"च म्हणत राहिले.

मग शेवटचा सामना आला. बरोबरी झाली तरी आम्ही वरच्या गटात जाणार होतो. सरांनी सुरुवातीचे अकरा वाचले, त्यात जयसिंग होता. नम्रतानं आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

सत्तर मिनिटं शून्य-शून्य. समोरच्यांच्या दहा नंबरला, ज्यानं सीझनभर सगळ्यांना रडवलं होतं, त्या दिवशी एकही मोकळा बॉल मिळाला नाही. मला ते दिसत होतं. पण सामना रटाळ चालला होता. कोणीतरी रविराजच्या नावानं ओरडायला लागलं, मग सगळेच. मीही. सरांनी पायरीकडे एकदा पाहिलं आणि जयसिंगला बाहेर बोलावलं.

नम्रता माझ्याकडे वळून म्हणाली, "काका, तुम्हीपण?"

आठ मिनिटांत रविराज दोघांना चकवून पुढे गेला, तिसऱ्यानं बॉल काढून घेतला आणि मोकळ्या जागेतून दहा नंबरनं गोल मारला. आम्ही खालच्या गटातच राहिलो. उठताना दत्तोबा म्हणाले, "रवीला पैल्यापासून खेळवला असता तर दोन गोल मारले असते त्यानं." बाकीच्यांनी माना डोलावल्या.

नम्रता खाली उतरून जयसिंगकडे गेली. मीही मागोमाग गेलो, माफी मागावी म्हणून. तो बुटांच्या नाड्या सोडत होता.

"पुढच्या सीझनला तुलाच घ्यावं लागेल," ती म्हणाली. "मी पुन्हा बोलते सरांशी."

"नको, ताई. सोमवारपासून कॉल सेंटरला लागतोय. तिथं सुट्टी मंगळवार-बुधवारची."

"आणि खेळ?"

"आज चांगला खेळलो ना मी?"

"हो."

"मग झालं."

तिला त्याच्यावर रागावताही येईना. पोती उतरवणं सुटत होतं, घरचे खूश होते. तिनं त्याचं अभिनंदन केलं. बसस्टॉपवर मी माफी मागितली तर म्हणाली, "काका, माझं चुकलं असतं ना, तर बरं झालं असतं."

पुढच्या सीझनला ती येत राहिली, आणि मी तिच्या बाजूनं भांडायला लागलो. दोघांचंही कोणी ऐकलं नाही. त्याच वर्षी तिनं कंपनीत मुलींचा फुटबॉल संघ काढू द्या म्हणून अर्ज केला. आठ महिन्यांनी उत्तर आलं, बॅडमिंटन चालेल का? ते पत्र तिनं मला पायरीवर वाचून दाखवलं, दोनदा, आणि त्याच्याच मागच्या बाजूला दुसरा अर्ज लिहायला घेतला.