मशीनच्या तालावर दाबलेलं बटण

मुलुंडच्या त्या डोळ्यांच्या दवाखान्यात मला एका जागी बसवत नव्हतं. पडद्याआड बाबांची फिल्ड टेस्ट चालली होती. एका डोळ्यावर पट्टी, हनुवटी टेकवलेली, नजर समोरच्या दिव्यावर. आजूबाजूला कुठेही बारीक उजेड चमकला की हातातलं बटण दाबायचं. काचबिंदू कडेकडेने नजर खातो म्हणे. किती खाल्ली, ते आज कळणार होतं, आणि बाबांची स्कूटर राहणार की जाणार, तेही. माझ्या लेकीला रोज शाळेत तेच सोडतात. आत्ताही मला मागे बसवून त्यांनीच आणलं होतं.

आतून बटणाचा आवाज एकसारखा येत होता. टक, टक, टक. माझा जीव भांड्यात पडला. बाबा छाती काढून बाहेर आले.

"माका सगळा दिसता गो."

टेस्ट घेणारी मुलगी मात्र कागद बघून वैतागली. "काका, लाईट नसतानाही दाबलंय तुम्ही. मशीनचा आवाज ऐकून दाबताय ना?"

मी कपाळावर हात मारला. बाबांची उमेदीची वर्षं गिरणीत, साचेखात्यात मागांवर गेली. साच्याचा आवाज जरा बदलला, की धागा तुटल्याचं त्यांच्या कानांना आधी कळायचं. मशीन दिसलं की हा माणूस ताल पकडणारच.

"गिरणी नाय ही, बाबा! पास व्हायला आलाय काय?" मी खेकसले.

"मग नापास होवक कोण येता?"

मुलीने त्यांना पुन्हा बसवलं. "आवाज विसरा काका. दिसलं तरच दाबा."

या वेळी आत शांतता. मी उठले, बसले, मोबाईल काढला, परत ठेवला. मध्येच एक टक, मग कितीतरी वेळ काहीच नाही. मला भीती वाटायला लागली. दाबा ना बाबा, खोटं तर खोटं, असं मी मनातल्या मनात म्हणत होते.

डाव्या डोळ्याचा कागद जवळजवळ सगळा काळा आला. काळं म्हणजे न दिसलेलं.

बाहेर पडल्यावर मी थेंबांच्या वेळा, पुढची तारीख, काय काय बडबडत सुटले. स्कूटरचा विषय काढायची हिंमत होत नव्हती. फुटपाथवर बाबा थांबले. त्यांनी अख्खी मान वळवून मला शोधलं.

"डावीकडसून तुझो नुसतो आवाज येता गो," ते म्हणाले आणि खिशातून किल्ली काढून माझ्यापुढे धरली. "पोरीक उद्यापासून तू सोड."