शांताच्या लग्नातला विलायती बँड

हसणार असाल तर कप आधी खाली ठेवा. शांताच्या लग्नात मी जो घोळ घातला, तो ऐकताना भल्याभल्यांच्या नाकातून चहा आलाय!

तेव्हा मी पुण्यात कॅम्पातल्या एका क्लबात नोकरीला. तिथल्या साहेबलोकांमुळे मला स्विंग बँडचं वेड लागलं. ट्रंपेटं, सॅक्सोफोन, ढोल, सगळे एकदम उसळायचे हो! अजूनही तबकडीची ती खरखर आठवली की पाय ठेका धरतात. मग काय, जुन्या बाजारातून चावीचा फोनो, म्हणजे भोंग्याचा ग्रामोफोन, घेतला आणि चुलतबहिणीच्या, म्हणजे शांताच्या लग्नाला भरे नावाच्या गावात घेऊन गेलो. मिरवायला, दुसरं काय!

लग्नघटका तोंडावर आली आणि बँडवाल्यांचा पत्ताच नाही. वाटेत गाडीचा आस मोडला म्हणे. शांताचे वडील, आमचे तात्या, डोक्याला हात लावून बसले.

"बँड न्हाई तर लगीन कसलं? वरमाय गावभर नावं ठेवंल!"

"तात्या, मी हाय की! माझ्या तबकडीत अख्खा विलायती बँड हाय!"

आता आमच्याकडे कसं, बँड वाजला की लग्न लागलं. माळा पडायच्या आणि मंडळी थेट पंगतीला. माझी तबकडी सुरुवातीला नुसती गुणगुणायची, ट्रंपेटं नंतर. म्हणून मी हुशारी केली. भटजींनी शेवटचं मंगलाष्टक धरलं की पिन टेकवायची. ते संपेल, तेव्हा बरोब्बर ट्रंपेटं!

पिन टेकवली. भटजींचं संपत आलं, आणि तात्यांची थोरली बहीण बायजाआत्या पदर खोचून उभी राहिली.

"थांबा! म्या रचलेलं ऱ्हायलंय!"

आत्याला अडवायची कुणाची छाती? तिनं सूर लावला, "शांता माझी गुणाचीऽऽ..." आणि भोंग्यातून धाडकन ट्रंपेटं!

नवरदेव दचकला. त्यानं अंतरपाटावरून माळ भिरकावली, ती शांताच्या मागे उभ्या असलेल्या मामाच्या गळ्यात! मंडळी टाळ्या पिटत पंगतीकडे पळाली.

"अहो, मुहूर्त यायचाय अजून! लग्न लागलं नाही!" भटजी ओरडले.

"माझं पुरं व्हऊ द्या की!" आत्या ओरडली.

"मामासंगं लगीन लावायला आलोय व्हय आमी?" वरमाय कडाडली.

तात्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. ते बघून मी फोनोकडे धावलो. मी पिन उचलली, तबकडी पहिल्यापासून लावली, घाईघाईत चावी पिळली. जरा जास्तच पिळली. कटाक! स्प्रिंग गेली.

मंडळी परत आली. आत्याचं गाऊन झालं. भटजींनी "सावधान" म्हटलं आणि अख्खा मांडव माझ्याकडे बघायला लागला. करतो काय? भोंग्यामागं तोंड लपवलं, गाल फुगवले आणि सुरू झालो, "पॅं पॅपॅं पॅंऽऽ!" ट्रंपेट मीच, सॅक्सोफोन मीच, आणि ढोल म्हणून हाताखाली तेलाचा डबा! माळा पडल्या, योग्य गळ्यांत पडल्या. तात्या तर नाचायलाच लागले हो!

वाटलं, कुणाला कळलं नाही. पंगतीत वरमाय मुद्दाम माझ्यापाशी आली.

"धाकट्याचं लगीन काढलंय औंदा. फोनो ऱ्हाऊ द्या घरी. तोंड तेवढं घिऊन या!"