टाळूवरचं तेल

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला आजही कळत नाही. जो कोणी ही वही उघडेल त्यानं रागावू नये. खरं तर उघडूच नये. निपाणीजवळच्या आमच्या गावात चौथीपर्यंत शाळा होती, तेवढीच मी शिकले. लग्न होऊन बेंगळुरूला आले आणि मराठी लिहायचं कामच पडलं नाही. सासरची माणसं घरात मराठी बोलतात, तीही निम्मी कन्नड. बाहेर तर सगळं कन्नडच. साड्यांच्या पदराला कुच्चू, म्हणजे गोंडे, बांधून बांधून माझ्या बोटांना गाठी मारायचीच सवय झाली आहे, पेन धरलं की ती अडखळतात. पण लेकीची ही गोष्ट मला कोणाजवळ बोलता येत नाही. चार माणसांत माझा घसाच बंद होतो. म्हणून लिहिते.

लेकीला शाळेनं पोहायला नेलं तेव्हा ती लहान होती. पुढं ती पाण्यातला चेंडूचा खेळ खेळायला लागली. वॉटर पोलो म्हणतात. दोन्हीकडं सात-सात मुली, दोन गोल, आणि पाय कुठं टेकायचा नाही. पहिल्यांदा बघायला गेले तेव्हा मी घाबरून विचारलं होतं, भांडण लागलंय का? वर दिसतो तो खेळ निम्मा. पाण्याखाली ओढाओढ, लाथा, धरपकड. माझी लेक गोलच्या तोंडाशी पाठ करून थांबायची आणि मागची मुलगी तिला सारखी धरून ठेवायची. ती पकड सोडवून वळायचं आणि चेंडू मारायचा, हे तिचं काम.

तिच्या सरांनी फोनवर ग्रीस देशातल्या एका बायकांच्या क्लबचे सामने दाखवले होते. समुद्राकाठचं गाव आहे म्हणे, फार मोठं नाही. पण त्या क्लबच्या बायका त्यांच्या देशात किती वर्षं जिंकतायत, आणि देशाबाहेर जाऊनही कप आणतायत. लेकीला त्या सगळ्या टोपीच्या नंबरावरून पाठ. मी कुच्चू बांधत बसायची आणि ती फोन माझ्यासमोर डब्याला टेकवून ठेवायची. हळूहळू मलाही त्या ओळखू यायला लागल्या. सहा नंबरवाली डावखुरी. गोल राखणारी उंच, गोल वाचवला की पाण्यावर हात आपटणारी. बघायला आलेल्या बायकांत म्हाताऱ्याही असायच्या, ओरडून ओरडून लाल झालेल्या. मला त्यांचं नवल वाटायचं. बाईमाणसानं एवढं ओरडलेलं चालतं, आणि तेही दुसऱ्याच्या मुलीसाठी.

त्याच क्लबात पूर्वी खेळलेल्या एक बाई दोन वर्षांपूर्वी इथं आल्या. सरांनी कुठल्या तरी ओळखीनं त्यांना बोलावलं होतं. आठवडाभर मुलींना शिकवायचं आणि दोघींना निवडून एका हंगामासाठी तिकडं न्यायचं. राहणं-जेवण क्लबचं, तिकीट आणि व्हिसा आपला. तिसऱ्याच दिवशी बाईंनी सरांना सांगितलं की या मुलीचे पाय मला पाहिजेत. तिचे पाय पाण्यात दमत नाहीत म्हणे. शेवटच्या दिवशी मुलींचेच दोन गट करून एक सामना होता, तो बघून बाई नावं नक्की करणार होत्या, पण सर म्हणाले, तुमच्या मुलीचं ठरल्यातच जमा आहे, तिकीट महाग होत चाललंय, आजच काढा.

आमच्याकडं तेवढा पैसा कुठला. हे चामराजपेटेतल्या एका प्रेसमध्ये पुस्तकं बांधायचं काम करतात. आम्ही आनेकलला अक्कांकडं गेलो. अक्का म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई. दीर वारले, मुलंबाळं नाहीत, एकट्या राहतात. चीटीचा, म्हणजे भिशीचा, पैसा उचलून त्या घरावर स्लॅब टाकणार होत्या, इतकी वर्षं पत्र्याखाली काढली म्हणून. यांनी खाली मान घालून विचारलं. अक्कांनी आधी माझ्याकडं बघितलं.

"पाण्यात पडून नाव काढणार होय तुझी लेक? पाण्यात म्हशीपण पडतात."

लेक अक्कांना दोड्डम्मा म्हणते, म्हणजे मोठी आई. ती हसून म्हणाली, "दोड्डम्मा, म्हशीला गोल मारता येत नाही."

अक्काही हसल्या. आत जाऊन पैसे आणून त्यांनी तिच्या हातावर ठेवले. तिच्याच, आमच्या नाही. स्लॅब एक वर्षानं टाकीन, त्या म्हणाल्या. तिकीट काढलं. ते परत करता येत नव्हतं, हे काढल्यावर कळलं.

आता तेलाचं सांगते.

आमच्या सासरी एक रीत आहे. परीक्षा असो, प्रवास असो, लग्न असो, मोठ्या कामाच्या दिवशी सकाळी आईनं मुलाच्या टाळूवर एरंडेल घालायचं आणि तळव्यानं थापून जिरवायचं. डोकं थंड राहतं, डोळे निवतात. ते तेल त्या दिवशी धुवायचं नाही. सासूबाई मलाही घालायच्या. आमच्या घरातून कोणी कोरड्या टाळूनं मोठ्या कामाला गेलेलं नाही.

सामन्याच्या आदल्या रात्री लेकीला झोप लागली नव्हती. सकाळी डोळे लाल, कपाळ गरम. मी वाटी घेऊन आले तशी ती म्हणाली, "आज नको आई. टोपी घालायची आहे."

मी म्हणाले, "टोपीखाली कोणाला दिसतंय? स्वल्पच घालते."

ती माझ्यासमोर बसली. अंगाला तेल लावून या खेळात उतरायचं नसतं, हे तिला माहीत होतं. बाईंनीही पहिल्या दिवशी सांगितलं होतं, कारण अंग निसरडं झालं की समोरच्याला धरता येत नाही, ती लबाडी होते. पण टाळू म्हणजे अंग, हे आम्हां दोघींच्याही डोक्यात आलं नाही. आमच्यात अंगाला लावायचं तेल वेगळं, दिवस वेगळा. टाळूवर घालतो ते तेल नसतंच जणू, आईचा हात असतो. मी थापून थापून जिरवलं. नेहमीपेक्षा जरा जास्तच घातलं, कारण काम नेहमीपेक्षा मोठं होतं.

सामन्याआधी पंचांनी सगळ्या मुलींची नखं बघितली, हातांवरून हात फिरवला. लेकीचे हात कोरडे होते. डोक्यावर टोपी. सामना सुरू झाला. मी वर पायऱ्यांवर बसले होते, इतर मुलींच्या आयांपासून जरा लांब. त्या व्हाइटफील्डकडच्या, पुण्या-मुंबईच्याही होत्या त्यात. चांगल्या बोलायच्या, पण इंग्रजीच फार, मग मी नुसती हसायची.

लेकीला धरायला एक दणकट मुलगी होती. तिनं मागून खांद्याला धरलं, लेक वळली, गोल. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. परत धरलं, परत सुटली. मला इतका आनंद झाला होता की मी त्या बायकांकडं बघून पहिल्यांदा आपणहून हसले. तिसऱ्या वेळी त्या मुलीचा हात लेकीच्या मानेवरून सरकला तसा तिनं तो पाण्याबाहेर काढून पंचांना दाखवला आणि काहीतरी ओरडली.

पंचांनी शिट्टी वाजवली. लेकीला काठाशी बोलावलं, टोपीच्या कडेखालून मानेवर बोटं फिरवली, नाकाशी नेली. मग बाईंना बोलावून त्यांना दाखवली. तिथं काय चाललंय हे खालच्या कोणालाही कळायच्या आधी मला कळलं. डोकं तापलं, टोपीखाली तेल पातळ झालं आणि मानेवरून खांद्यावर उतरलं. मी उठायला पाहिजे होतं. तिथूनच ओरडायला पाहिजे होतं की मी घातलंय. मी बसूनच राहिले. सर वाकून लेकीशी बोलत होते. तिनं एकदा वर माझ्याकडं बघितलं. मग खाली बघून काहीतरी म्हणाली. पंचांनी तिला पाण्याबाहेर काढलं.

तेव्हा मी खाली गेले. काठावर चप्पल चालत नाही म्हणून ती हातात धरली. सरांना कन्नडमध्ये सांगितलं की तेल मी घातलंय, तिनं नको म्हटलं होतं. सर हळू आवाजात म्हणाले, "अम्मा, आता नको. मीच लावलं असं ती बोलून बसली आहे. आता तुम्ही आलात तर मुलीला वाचवायला आई खोटं बोलते असं दिसतं."

बाई शेजारीच उभ्या होत्या. मी त्यांच्यासमोर माझा तळवा धरला. एरंडेलाचा वास लवकर जात नाही. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला, वास घेतला आणि बराच वेळ तो सोडला नाही. मग सरांशी पुष्कळ बोलल्या. सरांनी मला थोडक्यात सांगितलं.

"त्यांची आईपण त्यांना तेल चोळायची, म्हणतात. तुमच्यावर त्यांचा विश्वास आहे. पण मुलीनं लावलं असेल तर ती लबाडी झाली, आणि तुम्ही लावलं असेल तर ती पंचांशी खोटं बोलली. कसंही धरलं तरी या वेळी नेता येत नाही."

बाईंनी लेकीला जवळ घेतलं. लेक रडली नाही. टॉवेल घट्ट गुंडाळून उभी राहिली. त्या दणकट मुलीचं नाव लागलं, आणि गोल राखणाऱ्या एकीचं.

घरी येताना बसमध्ये जागा मिळाली. ती खिडकीशी बसली. मी विचारलं, माझं नाव का नाही सांगितलंस? ती बाहेर बघतच म्हणाली,

"तुला खाली बोलावलं असतं. सगळ्यांनी भोवती उभं राहून विचारलं असतं. तू बोलली असतीस?"

मी बसची तिकिटं घडी घालून पिशवीत ठेवली. तेच तिला उत्तर मिळालं.

घरी आल्यावर तिनं शिकेकाई घेतली आणि तीनतीनदा डोकं धुतलं. दुसऱ्या दिवशी जाऊन केस मानेपर्यंत कापून आली. यांनी मला एका शब्दानं विचारलं नाही, तेही मला जड गेलं. अक्कांना सांगायला मीच गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि वर पत्र्याकडं बघितलं.

"दिवाळीला सगळ्या घराला वाटीभर तेल पुरतं. तुझं वाटीभर तेल माझा स्लॅब घेऊन गेलं."

पाणी प्यायला दिलं, जेवूनही घातलं. पण तो शब्द मी तिथून घेऊन आले.

मी कुच्चूचं काम वाढवलं. पण खरं फेडलं ते लेकीनं. व्हाइटफील्डच्या मोठ्या इमारतींत लहान मुलांना पोहायला शिकवायला ती जायला लागली. अंधार असतानाच मेट्रो धरायची. महिन्याच्या महिन्याला आनेकलची बस पकडून अक्कांच्या हातात पैसे देऊन यायची. मला नेत नसे. मी म्हणायची, फोनवरून पाठव ना. ती म्हणायची, त्यांनी हातावर दिले होते, हातावरच देणार. सरांनी दोनदा बोलावलं, तरी ती सामन्यात परत उतरली नाही. माझं मन राखायला म्हणायची, वेळ कुठं आहे.

त्या क्लबचे सामने मात्र ती बघायची. एका सामन्यात आमच्याकडची ती दणकट मुलगी काठावर बसलेली दिसली, टोपी घालून, पाण्यात उतरायची वाट बघत. लेकीनं मला फोन दाखवला. आम्ही दोघी शेवटपर्यंत बघत बसलो, ती कधी उतरते म्हणून. अगदी थोडा वेळ उतरली. लेक म्हणाली, "पायाला जोर कमी पडतोय तिच्या." त्यात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

दोन वर्षं तिनं मला केसांना हात लावू दिला नाही. पोहण्याच्या पाण्यानं ते काथ्यासारखे झाले आहेत. वाटी फडताळात उपडी ठेवली आहे. तिच्या वाढदिवसालाही मी ती काढली नाही आणि तिनंही विचारलं नाही.

गेल्या रविवारी ती म्हणाली, आज तूही चल. शेवटचे पैसे आहेत. आनेकलला गेलो. अक्का पत्र्याखालीच बसल्या होत्या, चष्म्याला दोरा बांधलेला. लेकीनं पैसे माझ्या हातात दिले आणि म्हणाली, तू दे. मी ते अक्कांपुढं धरले. अक्कांनी ते तसेच देवापुढं ठेवायला घेतले, तशी लेक म्हणाली, "दोड्डम्मा, मोजा."

"घरातलं कोण मोजतं?"

"मोजा. आईसमोर मोजा."

अक्कांनी बोट ओलं करून एकेक नोट मोजली. मी खाली बघत होते. मग त्यांनी नोटा देवापुढं ठेवल्या, कुंकवाची डबी आणली, आधी लेकीला लावलं, मग मला, आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "सरी, बरोबर आहेत. सगळे आले. आता काही राहिलं नाही."