पाण्याच्या दिवशीचं दुखणं

आज दुपारी कॉलनीच्या ग्रुपवर मेसेज आला, "उद्या आपल्या लाइनीला पाणी. वेळ नक्की नाही." मी लगोलग साहेबांना लिहून टाकलं, "सर, पोट फार दुखतंय, उद्या येणं जमणार नाही." उद्या दुखणाऱ्या पोटाची आजच खबर दिली, हे ध्यानात येईपर्यंत निळ्या खुणा उमटल्या होत्या. साहेबांनी नुसता अंगठा पाठवला. तेही संभाजीनगरचेच आहेत.

शहराचं नाव बदललं, माझं आडनाव बदललं, पण पाण्याच्या दिवशी बिमार पडायचं काही सुटलं नाही. खोटं बोलायची लाज कधीच गेली, आता फक्त दर वेळी नवं दुखणं शोधायचा कंटाळा येतो. आईला तो कधी आला नाही. हे दुखणं मला तिच्याकडूनच आलंय.

मी आठवीत होते. हर्सूलकडं आमचं दोन खोल्यांचं भाड्याचं घर होतं. दारात नळ, आणि नळाला सहाव्या दिवशी पाणी, तेही जेमतेम पाऊण तास. सकाळी सातला येईल नाहीतर दुपारी दोनला, त्याची मर्जी. वडील सिल्लोडला कापसाच्या एका जिनिंगमध्ये कामाला, रविवारचे तेवढे घरी. आई वाळूजला एका कंपनीत कंत्राटावर पॅकिंग करायची; तिची बस पावणेसातला चौकात यायची. शेजारणीला भरून ठेव म्हणावं, तर तिचंही पाणी त्याच पाऊण तासात. मग घरात राहिलं कोण? मी.

पाइप लावायचा, चार ड्रम भरायचे, मग घागरी, बादल्या, पातेली, शेवटी पाण्याचे तांबेसुद्धा. नळ फुसफुसायला लागला की समजायचं, संपलं. तेवढ्यासाठी आख्खी शाळा बुडायची. शाळेच्या डायरीत गैरहजेरीचं पान होतं, तिथं आई आदल्या संध्याकाळीच कारण लिहून ठेवायची. तिचा हिशोब पक्का असायचा. "मागल्या बारीला ताप झाला. आता पोट लिहिते. दात दोनदा झाला, त्यो राहू दे." जगात कुठल्या आईनं लेकीची दुखणी अशी पाळीनं लावून दिली असतील?

आधीच्या वर्गशिक्षिका इथल्याच होत्या. हजेरी घेताना आमच्या बाजूच्या तिघी-चौघी गैरहजर दिसल्या की म्हणायच्या, "हां, हर्सूलला पाणी सुटलं वाटतं." आणि पुढचं नाव घ्यायच्या. डायरी त्यांनी कधी उघडली नाही. पण त्या वर्षी त्या सोडून गेल्या आणि कोल्हापूरकडच्या नव्या मॅडम आल्या. नवऱ्याची बदली झाली म्हणून आलेल्या. त्यांच्या अपार्टमेंटला बोअर होती, चोवीस तास पाणी. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत, नळालाही वार असतो म्हणून.

त्यांनी माझी डायरी वाचली. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकेक ओळ. मग मला जवळ बोलावून हळू आवाजात म्हणाल्या, "बाळ, दर सहा दिवसांनी येणारा ताप साधा नसतो. मोठ्या डॉक्टरांना दाखवलं का?"

"नाही," मी म्हणाले. त्या दिवसापासून माझे हाल सुरू झाले. पहिल्या बाकावर बसवलं. प्रार्थनेला सगळे उभे, मी एकटी खुर्चीवर. डब्यातला डिंकाचा लाडू रोज माझ्या हातावर. तो मी खात होते, खोटं कशाला बोलू. पण पंधरा दिवसांनी शाळांच्या खो-खोच्या स्पर्धेसाठी टीम निवडली, तेव्हा मॅडमनी माझं नाव काढून टाकलं. "जीव महत्त्वाचा, खेळ नाही," म्हणाल्या.

मला दुसरं काही येत नव्हतं हो! गणितात काठावर, इंग्रजीत त्याच्याही खाली. पण मैदानात मी उभी राहिले की भल्याभल्या पोरी दमायच्या, मी हाताला लागायची नाही. वर्षभर त्या एका स्पर्धेसाठी पळत होते. आणि एका वाक्यात सगळं मिटलं असतं, मॅडम, मला काही झालेलं नाही. पण डायरीत अक्षर आईचं होतं. मी खरं बोलले की ती खोटी पडणार, तेही पानभर.

घरी येऊन आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "मॅडमला खरं नको सांगू. एक खेळ नाय खेळली तर काय व्हतंय?" मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिच्या ते लक्षातही आलं नाही. फुरसत कुठं होती तिला!

पुढचं पाणी शनिवारी आलं. शाळा सकाळची, अकराला सुटणारी. नळाला पाणी साडेअकराला सुटलं. मी सलवार गुडघ्यापर्यंत खोचलेली, ओढणी कमरेला आवळलेली, भरलेली घागर खांद्यावर घेऊन आत चालले होते, तेवढ्यात दारात स्कूटी थांबली. मॅडम! एका हातात शहाळं, दुसऱ्या हातात देवाच्या अंगाऱ्याची पुडी. बिमार पोरीला बघायला आल्या होत्या.

माझा मोकळा हात आपोआप पोटावर गेला. सवयच ती. घागर मात्र खांद्यावर तशीच.

मॅडमनी माझ्याकडं बघितलं, ड्रमांकडं बघितलं, गल्लीत दारोदार पळणारे पाइप बघितले. "हे दर किती दिवसांनी येतं?" त्यांनी विचारलं.

"सहा," मी म्हणाले. "म्हणजे... कधी सात."

त्या ओट्यावर मटकन बसल्या. मला वाटलं, आता रडतात का काय. पण त्या भडकल्या. "अगं कार्टे, मी तुझ्यासाठी गुरुवार धरलेत! तीन गुरुवार उपाशी राहिले मी!" मी म्हणाले, "मॅडम, चुकलं. पण जरा सरका, पाणी जाईल." त्या सरकल्या. घागर रिकामी करून येते तर त्यांनी पाइप दुसऱ्या ड्रममध्ये टाकून धरला होता आणि स्वतःशीच बडबडत होत्या, साडी घोट्यापर्यंत भिजलेली. नळ फुसफुसला तेव्हा त्या उठल्या. शहाळं माझ्या हातात कोंबून म्हणाल्या, "शुक्रवारी मॅच आहे. जिंकलो तर शनिवारी फायनल. तू खेळतेयस. आणि डायरीचं मी कुणाला बोलणार नाही."

मी उडीच मारली. आणि मग बोटं मोजली. शनिवारपासून सहावा दिवस, शुक्रवार.

आई घरी आल्यावर मी सगळं सांगितलं. पण तू घरी राहा म्हणायची हिंमत होत नव्हती. कंपनीत कंत्राटावरच्या बाईनं एक दांडी मारली तर चालायची. लागोपाठ दोन मारल्या तर गेटवरून परत पाठवायचे, कायमचं. आईनं बोटांवर वार मोजले. मग म्हणाली, "शुक्रवारी मी राहते घरी."

गुरुवारी संध्याकाळी तिनं सुपरवायझरला फोन लावला आणि, काय सांगू, माझी दुखणी एवढी धडाधड लिहिणारी बाई स्वतःचं एक दुखणं सांगायला अडखळली. "सर, मला... मला जरा..." पुढं येईचना. मी कानाशी कुजबुजले, "चक्कर." ती म्हणाली, "चक्कर येतीय." फोन ठेवून घाम पुसला आणि आम्ही दोघी खो खो हसलो. तिला तसं हसताना मी फार कमी बघितलंय.

शुक्रवारी आम्ही जिंकलो. मी सगळा वेळ उभी होते, कुणाच्या हाताला लागले नाही. मॅडम मैदानाबाहेरून नरडं फाटेस्तोवर ओरडत होत्या. दुपारी तीनला उड्या मारत घरी आले, तर ड्रम कोरडे आणि आई झोपलेली.

भर दुपारी आईला झोपलेलं मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. हिला खरंच काही झालं की काय? कपाळावर हात ठेवला, तशी ती जागी झाली. "काय नाय गं," म्हणाली. "मोठी लाइन फुटलीय म्हणं कुठंतरी. आज पाणी आलंच नाय. सकाळपासून नळापाशी बसले, बसले, मग म्हणलं, पडावं जरा." मग उठून बसत म्हणाली, "उद्या येणारंय."

उद्या. उद्या फायनल होती. आईची दांडी बिनपाण्याच्या दिवशी खर्च होऊन गेली होती.

मला इतका राग आला की कुणावर काढावा कळेना. नळाला लाथ मारली. पायालाच लागलं. आई बघत होती, पण रागावली नाही. तिनं दप्तरातून डायरी काढली, पेन घेतला आणि पान उघडून तशीच बसली. कुठलं दुखणं लिहायचं हे तिचं नेहमी आधीच ठरलेलं असायचं. त्या दिवशी मला विचारलं, "काय लिहू?"

"लिही काहीबी," मी म्हणाले. तिनं पोट लिहिलं.

शनिवारी पाणी पावणेबाराला आलं, बोटाएवढ्या धारेनं. तोवर मैदानावर सगळं आटोपलंही असेल, हे मला ठाऊक होतं. ड्रम मात्र चारही भरले.

सोमवारी शाळेत मॅडमनी डायरी मागितली, लिहिलं आणि बंद करून दिली. मी रस्त्यातच उघडली. आईच्या "पोटदुखी"च्या खाली लाल शाईनं लिहिलं होतं, "हरलो. तू हवी होतीस." आणि त्याच्या खाली नेहमीसारखी, पालकांच्या सहीची रिकामी जागा.

संध्याकाळी डायरी दाखवायचा धीर झाला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आई बससाठी निघताना पुढं केली. तिनं उभ्याउभ्या वाचली. परत एकदा वाचली. बस यायला दहा मिनिटं होती. तिनं सही केली, पेनाचं टोपण लावलं आणि डायरी माझ्या हातात दिली.

"तू कशी खेळतीस," ती म्हणाली, "मी एकदाबी बघितलं नाय गं."

मग तोंडाला स्कार्फ बांधला आणि चौकाकडं निघाली.